वळवाचा अंदाज आणि उसाची पाळी

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



फाल्गुन सरला, चैत्राची पालवी फुटली की आमच्या गट ऑफिसांत एकच प्रश्न रोज येऊ लागतो. "साहेब, परवा ऊन वाढणार म्हणाले, आज वादळ सांगतात. खरं काय धरायचं? पाणी द्यायचं का थांबायचं?" प्रश्न रास्त आहे. उन्हाळ्यात उसाची एक पाळी चुकली तर तिचे नुकसान पुढे वर्षभर भरून निघत नाही. आणि नको त्या वेळी पाणी दिले तर उभा ऊस आडवा होतो. दोन्ही बाजूंनी फटका सभासदाच्याच टनेजला बसतो.

म्हणून या अंकात आम्ही उन्हाळी हवामानाच्या अंदाजाविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत. सगळे शास्त्र सांगण्याचा हेतू नाही. अंदाज बदलला की आपण शिवारात नेमके काय बदलायचे आणि काय बदलायचे नाही, एवढेच सांगायचे आहे.

अंदाज फिरला नाही, हवा पुढे सरकली

आधी एक गैरसमज दूर करू. "आधी ऊन सांगितलं, मग वादळ सांगितलं, म्हणजे यांचं काही खरं नाही," असे पुष्कळजण म्हणतात. वास्तविक ऊन आणि वळीव या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकाच साखळीच्या त्या दोन कड्या आहेत.

मार्च ते मे या महिन्यांत आपली जमीन तव्यासारखी तापते. जमिनीलगतची हवा तापून हलकी होते आणि वर चढते. पण ही हवा कोरडी असेल तर नुसती वावटळ उठते, धुरळा उडतो आणि संपते. पाऊस पडायला वाफ लागते. ती येते समुद्रावरून. बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारा आपल्याकडे वळला आणि त्याच वेळी वायव्येकडून कोरडा, उष्ण वारा येत असला की हे दोन वारे जिथे एकमेकांना भेटतात तिथे हवा जोराने वर उचलली जाते. बातम्यांमध्ये "विदर्भापासून कर्नाटकापर्यंत द्रोणीय रेषा" असे शब्द ऐकू येतात, ते या भेटीच्या पट्ट्याविषयीच असतात. ही रेषा काही दिवस पूर्वेला सरकते, काही दिवस पश्चिमेला. ती आपल्याजवळ आली की अंदाज बदलतो.

तेव्हा चार-पाच दिवसांचे कडक ऊन हे वळवाचे सरपण आहे असे समजा. सरपण रचलेले असते, काडी ओढायची राहिलेली असते. ती काडी म्हणजे समुद्रावरची वाफ.

आपल्या वाडवडिलांना हे हवामान खात्याशिवाय कळत होते. कोरडे ऊन वेगळे आणि उकाडा वेगळा. कोरड्या उन्हात घाम अंगावर वाळतो आणि रात्री हवेत गारवा येतो. उकाड्यात घाम वाळत नाही, रात्रीही जीव घाबरा होतो. अशा उकाड्याच्या दिवशी दुपारी दोन-तीनच्या सुमारास कोबीच्या गड्ड्यासारखे पांढरे ढग एकावर एक चढू लागले, की संध्याकाळ धोक्याची समजावी. हे ढग बारा ते पंधरा किलोमीटर उंच जातात. एवढ्या उंचीवर उन्हाळ्यातसुद्धा पाणी गोठते. म्हणून भर एप्रिलमध्ये गारा पडतात.

पावसाच्या आधी गार वारा का सुटतो, हेही समजून घ्यावे, कारण उसाला खरा धोका त्याचाच आहे. ढगातून पडणाऱ्या पाण्याचा काही भाग वाटेतच वाळतो. त्यामुळे आजूबाजूची हवा एकदम थंड व जड होते आणि ती थेट खाली कोसळते. जमिनीवर आपटली की चारी बाजूंना पसरते. हाच तो पावसाच्या आधी येणारा सोसाट्याचा वारा. मान्सूनचा वारा ठरलेल्या दिशेने, पश्चिमेकडून येतो. वळवाच्या वाऱ्याला दिशा नसते. आज पूर्वेकडून, उद्या दक्षिणेकडून. म्हणून उसाच्या सरीची दिशा कोणतीही असो, वळवात तो सुरक्षित आहे असे मानू नये.

अंदाजातले शब्द नीट वाचा

हवामान खात्याचे शब्द मोजूनमापून वापरलेले असतात. ते नीट वाचले तर निम्मा घोळ मिटतो.

पहिली गोष्ट विभागाची. हवामान खात्याने महाराष्ट्र व गोव्याचे मिळून चार विभाग पाडले आहेत: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे सगळे "मध्य महाराष्ट्रा"त मोडतात. तेव्हा "मध्य महाराष्ट्रात पाऊस" असे ऐकले म्हणून तो आपल्याच गावात पडेल असे नाही; तो नंदुरबारलाही पडू शकतो. नेहमी आपल्या जिल्ह्याचा अंदाज पाहावा.

दुसरी गोष्ट "ठिकाणां"ची. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या शंभर पर्जन्यमापक केंद्रांपैकी फार तर पंचवीस केंद्रांवर पाऊस. "काही ठिकाणी" म्हणजे साधारण सव्वीस ते पन्नास. त्याच्या पुढे "बऱ्याच ठिकाणी" आणि "बहुतांश ठिकाणी". वळवाच्या दिवसांत बहुतेक वेळा "तुरळक ठिकाणी" असाच शब्द असतो. याचा सरळ अर्थ असा, की चारांतल्या तिघांच्या शिवारात पाऊस येणार नाही. अंदाज शंभर टक्के बरोबर ठरला तरीसुद्धा येणार नाही. हे वाक्य सभासदांनी मनात कोरून ठेवावे.

तिसरी गोष्ट रंगांची. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे तातडीने कृती करा. हा रंग पावसासाठी आहे, उष्णतेसाठी आहे की वादळासाठी, हे मात्र खालच्या मजकुरात पाहावे. सोमवारी उष्णतेचा पिवळा आणि गुरुवारी विजांचा पिवळा असेल तर रंग तोच, पण काम निराळे.

चौथी गोष्ट वाऱ्याची. "ताशी तीस ते चाळीस किलोमीटर वेगाने वारे" यात पाने फाटतात, उंच ऊस हलतो. "ताशी पन्नास ते साठ" असे म्हटले असेल तर ओल्या जमिनीतला उंच ऊस लोळू शकतो. सभासदाने पावसाच्या आकड्याआधी वाऱ्याचा आकडा बघावा, असे आमचे सांगणे आहे.

आता भरवशाविषयी. उष्णतेचा अंदाज चार-पाच दिवस आधी चांगला जमतो, कारण ऊन एकाच वेळी मोठ्या मुलखावर तापते. वादळाचा ढग मात्र दहा-पाच किलोमीटरचा असतो आणि तास-दोन तासांत संपतो. तो नेमका कोणत्या गावावर फुटेल हे दोन दिवस आधी कोणालाच सांगता येत नाही. ढग तयार झाल्यावर तो रडारवर दिसतो. मग हवामान खाते पुढच्या तीन तासांचा तात्कालिक इशारा देते. म्हणून वळवाच्या दिवसांत सकाळचा अंदाज ऐकून भागत नाही. दुपारी तीननंतर एकदा मोबाईल उघडून ताजा इशारा बघावा. शेतीसाठीचा जिल्हावार सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो व तो "मेघदूत" या ॲपवर मराठीत मिळतो. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे "दामिनी" हे ॲप आहे. घरात कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर हे काम त्यांच्याकडे सोपवावे.

वळीव मापात घ्या

आता मुख्य मुद्दा. "काल वळीव झाला, पाळी सोडून दिली," असे सभासद सांगतात तेव्हा आम्ही विचारतो, "किती झाला?" उत्तर येते, "चांगला झाला की, पन्हाळी वाहिली." पन्हाळी वाहिली हे काही माप नव्हे. हिशेब असा आहे.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी. दहा मिलिमीटर म्हणजे चाळीस हजार लिटर. ऐकायला फार वाटते. पण सरीने दिलेली एक पूर्ण पाळी साधारण ७५ मिलिमीटरची असते, म्हणजे एकरी तीन लाख लिटर. तेव्हा दहा मिलिमीटरचा वळीव हा एका पाळीचा सातवा हिस्सासुद्धा भरत नाही.

दुसऱ्या बाजूने बघा. एप्रिल-मेच्या उन्हात वाढीचा ऊस रोज साधारण सहा ते आठ मिलिमीटर पाणी खर्च करतो. म्हणजे दहा मिलिमीटरचा पाऊस दीड दिवसाची भूक भागवतो. त्यातही जोराची सर असेल तर बरेच पाणी वाहून जाते, आणि पाच मिलिमीटरच्या आतली सर तर पानावर आणि वरच्या मातीवरच संपते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचा मागमूस राहत नाही. मातीचा वास सुटला, अंगणात गारवा आला, माणसाचे मन सुखावले. पण वीतभर खाली असलेल्या मुळीला काही कळलेच नाही!

उपसा जलसिंचन योजनेवरच्या सभासदांनी हे विशेष लक्षात घ्यावे. पाळी पत्रक ठरलेले असते. वळवाच्या अंदाजावर आपली पाळी सोडली आणि पाऊस बांधापलीकडच्या शिवारात पडला, तर पुन्हा नंबर यायला दहा-बारा दिवस जातात. आधीचे दहा आणि हे दहा मिळून वीस दिवसांचा ताण पडतो. फुटवे मरतात, कांड्या आखूड पडतात. डिसेंबरात तोड आली की मोळी हलकी लागते आणि मग काटा चुकीचा वाटतो.

म्हणून प्रत्येक वस्तीवर पाऊस मोजावा. यंत्र विकत घ्यायची गरज नाही. सरळ उभ्या भिंतीचा, तळ सपाट असलेला डबा घ्या. झाडापासून व घरापासून दूर, उघड्यावर, विटांमध्ये घट्ट बसवा. सकाळी साडेआठला आत पट्टी उभी धरून पाणी किती चढले ते बघा. एक सेंटिमीटर म्हणजे दहा मिलिमीटर. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. पाणी ओतून डबा पुन्हा ठेवा. शाळकरी पोर हे काम आनंदाने करील.

मग ढोबळ नियम असा. दहा मिलिमीटरच्या आत पाऊस झाला तर पाळी जशी ठरली तशी द्यावी. दहा ते पंचवीस झाला तर एक ते तीन दिवस लांबवावी. पंचवीस ते पन्नास झाला तर तीन ते पाच दिवस लांबवावी. मात्र लांबवताना वीतभर खोल माती उकरून मुठीत दाबून पाहावी. गोळा झाला तर ओल आहे; मुठीतून सुटली तर आकडा काही म्हणो, पाणी द्यावे. उन्हाळ्यात भारी जमिनीत आठ ते दहा दिवसांची पाळी ही शिफारस आहे. ती विनाकारण मोडू नये. ठिबकवाल्यांचे काम सोपे: जेवढे मिलिमीटर जमिनीत मुरले तेवढ्याच हिशेबाने एक-दोन दिवस संच बंद ठेवावा, जास्त नाही.

कोणत्या उसाला काय?

एकच सल्ला सगळ्या उसाला लागू पडत नाही. वय बघून काम ठरवावे.

सुरू लागण (डिसेंबरमध्य ते फेब्रुवारीमध्य): हा ऊस एप्रिल-मेमध्ये लहान असतो, फुटव्यावर असतो. याला वाऱ्याची भीती कमी, तहानेची जास्त. वादळाचा अंदाज असो-नसो, पाळी आली की पाणी द्यावे. कडक उन्हात, पाण्याचा ताण पडल्यावर खोडकिड्याचा जोर वाढतो. पोंगा मर दिसू लागली की बाळबांधणी करून मातीची भर द्यावी आणि ओल टिकवावी.

खोडवा: याचेही तसेच. ज्यांनी पाचट न जाळता सरीत ठेवले आहे त्यांची ओल चार दिवस जास्त टिकते, आणि वळवाची हलकी सरसुद्धा पाचटाखाली मुरते. पाचट जाळणाऱ्याला हा फायदा मिळत नाही.

पूर्वहंगामी (ऑक्टोबरमध्य ते नोव्हेंबरमध्य): याची मोठी बांधणी, ज्याला आपल्याकडे भरणीही म्हणतात, ती वळवाच्या आधी उरकलीच पाहिजे. याविषयी पुढे लिहिले आहे.

आडसाली (जुलैमध्य ते ऑगस्टमध्य): हा ऊस आता नऊ-दहा महिन्यांचा, पुरुषभर उंचीच्या वर गेलेला असतो. पाणी पिऊन फुगलेली जमीन आणि वरून पन्नास किलोमीटरचा वारा, अशी गाठ पडली की ऊस मुळासकट कलंडतो. म्हणून इथे नियम उलटा. वादळी वाऱ्याचा नारिंगी इशारा असेल तर त्या दिवशी आडसालीला भरून पाणी देऊ नये. एक-दोन दिवस थांबावे. थांबणे शक्य नसेल, पाळी निघून जात असेल, तर एक आड एक सरी भिजवावी. पाऊस आला नाही तर उरलेल्या सऱ्या नंतर घ्याव्यात.

एकाच मालकाच्या शेतात सुरू आणि आडसाली दोन्ही असतील तर आलेली पाळी आधी सुरूला फिरवावी. दारे धरणाऱ्या गड्याला हे संध्याकाळीच सांगून ठेवावे. रात्री लाईट आल्यावर कोण कुणाला सांगणार?

बांधणी आणि खत

उसाच्या मुळाशी भरपूर माती चढलेली असेल तर तो वाऱ्याला दाद देत नाही. लागणीला साधारण चार ते साडेचार महिने झाले की मोठी बांधणी करावी. पुष्कळ सभासद "एक पाऊस पडू दे, जमीन मऊ होईल, मग करू," म्हणून थांबतात. वळवाचे तसे बंधन नाही. एक पाऊस पडतो, त्यावर दुसरा पडतो आणि वाफसाच येत नाही.

२०२५ सालचा मे महिना आठवा. वळवाचा पाऊस सुरू झाला तो थांबला नाही. एरवी केरळात १ जूनला येणारा मान्सून त्या वर्षी २४ मे रोजी आला आणि २६ मे रोजी मुंबईत पोचलासुद्धा. मेमध्ये बांधणी करू म्हणून ज्यांनी काम मागे ठेवले होते त्यांना औत घालायला वाफसा कुठून मिळणार? तेव्हा उन्हाचे दिवस हे बांधणीचे दिवस समजावेत. पाळी द्यावी, वाफसा आला की लगेच बांधून घ्यावे. अंदाजात "कोरडे हवामान" असेल तर हे आपल्याला मिळालेले चार दिवस आहेत, ते वाया घालवू नयेत.

खताचे असे. युरिया तापलेल्या ओलसर मातीवर उघडा टाकला की त्यातला बराच नत्र वायू होऊन हवेत जातो. वळवाची हलकी सर पडली आणि पुन्हा ऊन तापले म्हणजे तर हे नुकसान जास्तच. आणि जोराचा पाऊस झाला की तो पाण्याबरोबर ओढ्याला. दोन्हीकडून पैसा सभासदाचाच जातो. म्हणून "पाऊस सांगितलाय, टाका युरिया" हा प्रकार बंद करावा. खत बुडाजवळ, पहारीने छिद्र पाडून किंवा सरीच्या बगलेत देऊन मातीआड करावे. बांधणीच्या वेळचा हप्ता बांधणीबरोबर मातीत गाडला गेला म्हणजे ऊनही त्याचे काही करू शकत नाही आणि वळीवही नाही.

ऊस पडला, गारा पडल्या, तर

२०१४ च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये महाराष्ट्रात जी गारपीट झाली ती अजून कोणी विसरलेले नाही. द्राक्ष, डाळिंब, गहू, ज्वारी यांचे होत्याचे नव्हते झाले. त्या मानाने ऊस चिवट पीक आहे. लहान उसाची पाने गारांनी फाटली, झावळ्यासारखी लोंबू लागली तरी घाबरून नांगर घालू नये. वाढीचा कोंब पानांच्या आवरणात, बुडाजवळ शाबूत असतो. साचलेले पाणी काढून द्यावे, वाफसा आल्यावर हलकी मशागत करून नत्राचा हप्ता द्यावा आणि पंधरा दिवस वाट पाहावी. नवा पोंगा वर येतो.

मोठा ऊस लोळला असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत, जमीन ओली असतानाच, चार-चार ऊस एकत्र करून त्यांच्याच पाल्याने बांधावेत आणि बुडाला माती लावावी. नंतर तो वाकडा वाढू लागतो. मग ओढाताण केली तर मोडतो. लोळलेल्या उसाला पांगशा फुटतात, उंदीर-घुशी लागतात, साखर उतरते. अशा प्लॉटची नोंद गट ऑफिसात जरूर करावी.

हुमणीचा मुहूर्त

वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की जमिनीत दडलेले हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर पाला खायला बसतात. वर्षातून ही संधी थोडेच दिवस मिळते. दिवेलागणीनंतर फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडावेत आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकावेत. मादीने अंडी घालायच्या आधी ती मेली तर ऑगस्टमध्ये मुळे खाणाऱ्या अळ्यांची सगळी वेतच मेली. हे एकट्याचे काम नव्हे. मी मारले आणि शेजाऱ्याने मारले नाहीत तर उपयोग शून्य. गावाने मिळून चार-पाच संध्याकाळ करावे. मात्र वीज चमकत असेल तर झाडाखाली जाऊ नये. पाऊस उघडल्यावर, दुसऱ्या दिवशी करावे.

उन्हाच्या दिवसांत आग, वादळाच्या दिवसांत वीज

कोरड्या उन्हात पाला बारुदासारखा पेटतो आणि वावटळीने ठिणगी बांध ओलांडते. अशा दिवसांत बांध पेटवणे, पाचट पेटवणे सक्त टाळावे. आपल्या उसावरून गेलेल्या तारा लोंबत असतील तर वादळ येण्याच्या आधीच वायरमनला सांगून ताणून घ्याव्यात. हंगामाच्या शेवटी तोड चालू असेल तर तोडलेला ऊस उन्हात पडू देऊ नये. वजन आणि साखर दोन्ही घटतात. वादळाचा इशारा असेल तर काळ्या रानातला भरलेला ट्रेलर संध्याकाळपर्यंत पक्क्या सडकेवर काढून ठेवावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. ऊस गेला तर पुन्हा लावता येतो, माणूस गेला तर काय? वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत अंक मोजा. तीन अंकांना एक किलोमीटर असा हिशेब आहे. तीस मोजायच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या घरात जावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एकट्या झाडाखाली, विहिरीवरच्या लोखंडी पाइपाजवळ, विजेच्या खांबाजवळ थांबू नये. केबिन नसलेला ट्रॅक्टर आणि बैलगाडी हा आसरा नव्हे. जवळ काहीच नसेल तर सखल जागी, पाय जवळ घेऊन उकिडवे बसावे, आडवे पडू नये. मोटर चालू करायला वादळात जाऊ नये, आणि तुटलेली तार काठीनेसुद्धा हलवू नये.

ऊसतोड मजुरांच्या कोप्या उघड्या माळावर असतात. त्यांच्या बायकापोरांना आपला जिल्हा, आपले हवामान ठाऊक नसते. इशारा आला की ज्याच्या रानात टोळी उतरली आहे त्या सभासदाने मुकादमाला सांगावे आणि रात्रीपुरता गोठा, गोदाम, शाळेची खोली मिळवून द्यावी. आपला ऊस ज्यांच्या हातांनी कारखान्यात पोचतो त्यांच्यासाठी एवढे करणे अवघड नाही.

थोडक्यात

अंदाज कोरड्या उन्हाचा असेल तेव्हा पाळी वेळेवर द्यावी, बांधणी उरकावी, खत मातीआड करावे, आगीला जपावे. अंदाज वादळाचा झाला की वाऱ्याचा आकडा पाहावा, आडसालीचे पाणी थांबवावे, लहान उसाचे चालू ठेवावे, माणसे-जनावरे आसऱ्याला न्यावीत. आणि वादळ होऊन गेल्यावर डबा पाहावा, माती पाहावी, मगच पुढची पाळी ठरवावी. हवामान खाते जिल्ह्याचे सांगते. आपल्या सरीतली ओल आपल्यालाच पाहावी लागते.

ज्या सभासदांनी एप्रिल-मेमधील पावसाची रोजची नोंद ठेवली असेल त्यांनी ती आपल्या गट ऑफिसात आणून द्यावी. सर्व गटांचे आकडे एकत्र करून पावसाळ्यानंतरच्या अंकात गावनिहाय तक्ता देण्याचा आमचा विचार आहे. त्यावरून कोणत्या शिवारात वळीव किती पडतो हे पुढील वर्षी पाळी पत्रक ठरवताना सर्वांच्याच उपयोगी पडेल.